रक्तातील दाह आणि उतारवयातील दृष्टी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हां उभयतांना या मेळाव्यात बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. आम्ही डॉक्टर नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. आमच्यापैकी एकाचे आयुष्य रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत गेले, तर दुसरीचे सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या या किनारपट्टीवर आम्ही नोकरी केली, बदल्या भोगल्या आणि निवृत्त होऊन येथेच स्थिरावलो. त्यामुळे एकाने माणसांचे रक्त पाहिले आणि दुसरीने त्यांचे डोळे पाहिले, असे म्हटले तरी चालेल. आज या दोन्हींविषयी एकत्र बोलावयाचे आहे.

हा विषय आम्ही का घेतला, हेही स्पष्ट करतो. संस्थेच्या कल्याण निधीतून ज्येष्ठ सभासदांसाठी रक्ततपासणीचे एक पॅकेज घ्यावे, अशी सूचना आली आहे. त्या पॅकेजमध्ये पुष्कळ तपासण्या आहेत. त्यांतच सीआरपी नावाची एक तपासणी असून 'हिच्यावरून शरीरातील सूज कळते, आणि सुजेवरून हृदय, सांधे व डोळे यांचा धोका कळतो' असे पत्रकात छापलेले आहे. सूचना चांगल्या हेतूने आली आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु निधी आपल्या सर्वांच्या घामाचा आहे. तो कोठे खर्च करावा हे ठरविण्यापूर्वी त्या पत्रकातील वाक्य कितपत खरे आहे, हे आपण तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम दाह म्हणजे काय ते पाहू. पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. हा शरीराचा बचाव आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात, जंतूंना मारतात, मेलेला भाग साफ करतात. काटा निघाला की काम संपते आणि सूज उतरते. परंतु काही वेळा काटा निघतच नाही. तंबाखूचा धूर रोज छातीत जातो, रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढलेली राहते, हिरड्या सदैव सुजलेल्या असतात, पोटाभोवती चरबी साठते. अशा वेळी आतल्या आत मंद दाह धुमसत राहतो. तो दिसत नाही आणि ठणकतही नाही. असा मंद दाह हृदयविकाराशी आणि मधुमेहाशी जोडलेला आहे, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे.

हा दाह रक्तावरून ओळखण्याचे दोन मार्ग आपल्या परिचयाचे आहेत. पहिला ईएसआर. एका उंच काचेच्या नळीत रक्त भरून ती उभी ठेवायची आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचे. स्वीडनमधील वेस्टरग्रेन यांनी १९२१ साली ही पद्धत बसवून दिली. आमच्यातील एकाने अशा हजारो नळ्या उभ्या केल्या आहेत. शरीरात दाह असला की पेशी लवकर बसतात. पण वय वाढले की आकडा वाढतो, आणि अंगात रक्त कमी असले तरी वाढतो. आपल्याकडील किती आया-बहिणींना पंडुरोग आहे, हे वेगळे सांगावयास नको. त्यांचा ईएसआर वाढलेला दिसला की तो दाहाचा की रक्त कमी असल्याचा, हे नळी सांगत नाही.

दुसरी तपासणी सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची, म्हणजेच सीआरपी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघा संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडले. ते यकृतात तयार होते. कोठेही दाह सुरू झाला की काही तासांत ते वाढू लागते, सुमारे दोन दिवसांत शिखर गाठते आणि कारण दूर झाले की झपाट्याने उतरते. मोठ्या जंतुसंसर्गात ते शेकडो पट वाढू शकते. अत्यंत सूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धत पुढे आली, तेव्हा हृदयविकाराचा धोका अजमावण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. २००३ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ म्हणजे मध्यम आणि ३ च्या वर म्हणजे अधिक, अशी विभागणी सुचविली. त्याच वेळी त्यांनी असेही सांगितले की, आकडा १० च्या वर गेला तर आधी जंतुसंसर्ग आहे का ते शोधा आणि नंतर तपासणी पुन्हा करा. पहिला भाग पत्रकांत छापला जातो, दुसरा सहसा राहून जातो.

आता डोळ्यांकडे वळू.

उतारवयात दृष्टी जाण्याची कारणे अनेक आहेत. त्यांत पहिला क्रमांक मोतीबिंदूचा. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले आढळले. म्हणजे आंधळ्या झालेल्या दर तीन माणसांपैकी दोघांची दृष्टी एका शस्त्रक्रियेने परत येण्याजोगी होती. याखेरीज काचबिंदू आहे, मधुमेहाने पडद्यावर होणारा परिणाम आहे, आणि वयोमानाने पडद्याच्या मध्यभागाची होणारी झीज आहे. या शेवटच्या विकाराला मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात. दाहाचा संबंध सर्वांत जास्त अभ्यासला गेला तो याच विकारात, म्हणून तो थोडा समजून घेऊ.

डोळ्याच्या मागच्या बाजूला पडदा असतो. त्याच्या मधोमध सुमारे ५ ते ६ मिलिमीटरचा एक भाग आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, ही सारी बारीक कामे त्या इवल्याशा जागेवर चालतात. पडद्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज आपली जुनी टोके टाकून देतात आणि पडद्यामागचा पेशींचा एक थर तो कचरा उचलून नेतो. वय झाले की हे सफाईचे काम मंदावते. कचरा थराखाली पिवळसर ठिपक्यांच्या रूपाने साठू लागतो. या ठिपक्यांना ड्रुसेन म्हणतात. संशोधकांनी हे ठिपके तपासले, तेव्हा त्यांत दाहाशी संबंधित प्रथिने सापडली, आणि त्यांत सीआरपीही होते. म्हणजे डोळ्याच्या आत खरोखरच मंद दाह धुमसत असतो.

२००५ साली यावर मोठा प्रकाश पडला. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची एक संरक्षक फळी असते. ती जंतूंवर तुटून पडते. पण तिने आपल्याच पेशींवर तुटून पडू नये, म्हणून तिला आवरणारे एक प्रथिन असते, त्याला फॅक्टर एच म्हणतात. या प्रथिनाच्या जनुकात एक छोटासा फरक असलेल्या लोकांत पडद्याची झीज बरीच अधिक आढळते, असे त्या वर्षी अनेक संशोधक गटांनी एकाच सुमारास दाखवून दिले. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील संशोधकांनी भारतीय रुग्णांतही हाच संबंध आढळल्याचे प्रसिद्ध केले. लगाम सैल असला की घोडा आपल्याच शेतात शिरतो, तसा हा प्रकार आहे.

तेव्हा पत्रकातील 'सुजेचा डोळ्यांशी संबंध आहे' हा भाग खोटा नाही. प्रश्न पुढचा आहे. डोळ्यातील हा दाह दंडाच्या शिरेतून काढलेल्या रक्तात ओळखता येतो काय?

यावर बरेच संशोधन झाले आहे. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पडद्याची झीज पुढे गेलेल्या रुग्णांच्या रक्तात सीआरपी अधिक आढळले. हे ऐकून वाटते की तपासणी करावी. पण आकडे पाहा. रुग्णांच्या गटातील मधला आकडा ३.४ होता आणि ज्यांना हा विकार नव्हता त्यांच्या गटातील मधला आकडा २.७ होता. विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा थांबून विचार करा. समजा एखाद्या आजोबांचा आकडा ३ आला. त्यांना कोणत्या गटात बसवाल? दोन्ही गटांत ३ च्या वरचीही माणसे आहेत आणि खालचीही. शेकडो माणसांची सरासरी काढली की फरक दिसतो. एका माणसापुरता तो आकडा काहीच ठरवीत नाही.

पुढे २०१३ साली पाच मोठ्या अभ्यासांतील रक्तनमुने एकत्र तपासले गेले. सीआरपी ३ च्या वर असणाऱ्यांत हा विकार उद्भवण्याची शक्यता १ च्या खाली असणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट आढळली. काही अभ्यासांत तर असा संबंध दिसलाच नाही. दीडपट हा शब्द ऐकावयास मोठा वाटतो. पण मूळ धोका शंभरांत दोघांना असेल, तर दीडपट म्हणजे शंभरांत तिघांना. उरलेल्या सत्त्याण्णव जणांना आकड्याने केवळ घाबरविले असे होईल. उलट, आकडा कमी आला म्हणून निश्चिंत झालेल्यांपैकी एखाद्याचा डोळा आतून बिघडत असेल, तो वेगळाच.

आपल्याकडे पावसापूर्वी शेतकरी राब भाजतात. त्या दिवसांत लाँचमधून किनाऱ्याकडे पाहिले तर डोंगराच्या कडेने धूर दिसतो. धूर आहे म्हणजे कोठेतरी आग आहे, हे खरे. पण ती कोणाच्या शेतात आहे, राब जळतो आहे की घर, हे लाँचमधून कळत नाही. त्यासाठी किनाऱ्याला उतरून तेथे जावे लागते. सीआरपी हा असा दुरून दिसणारा धूर आहे. तो सुजलेल्या हिरडीचा असेल, पायाच्या जखमेचा असेल, पावसाळ्यातल्या लेप्टोचा असेल, विडीचा असेल. डोळ्याचे काय चालले आहे ते डोळ्यात पाहूनच कळते.

ही गोष्ट आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या हातून एक चूक झाली, तिच्यातून शिकलो. ती चूक सांगावयाची की नाही, यावर आमचे घरी बरेच बोलणे झाले. शेवटी सांगावयाचे ठरले.

मुरूडच्या बाजूचे एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडे येत असत. त्यांचे नाव येथे घेत नाही, आम्ही त्यांना दादा म्हणतो. ऐन पावसाळ्यात ते आले आणि म्हणाले, "ताई, उजवा डोळा मिटला की दाराची चौकट वाकडी दिसते. डाव्या डोळ्यात काहीतरी गेलंय." त्याच आठवड्यात त्यांनी एका खाजगी प्रयोगशाळेचे पॅकेज करून घेतले होते. त्याचा कागद त्यांच्या हातात होता आणि सीआरपीचा आकडा बराच चढलेला होता. त्यांच्या पायाला चिखल्यांनी जखम झालेली होती, ती आम्ही पाहिली. तरीही कागदावरचा आकडा पाहून आम्ही म्हणालो, "दादा, रक्तात सूज आहे. आधी ती उतरू द्या, मग डोळ्यांचे पाहू." त्यांनी औषधे घेतली, पाय बरा झाला, दुसऱ्या तपासणीत आकडा उतरला. आम्हांला समाधान वाटले. त्यांनाही वाटले. चौकट मात्र वाकडीच राहिली.

तीन महिन्यांनी त्यांचा मुलगा त्यांना पनवेलला पडद्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. पडद्याच्या झिजेचे दोन प्रकार असतात. कोरडा प्रकार सावकाश, वर्षानुवर्षे वाढतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात, आणि काही आठवड्यांत दृष्टीचा मध्य जाऊ शकतो. दादांना ओला प्रकार होता. डाव्या डोळ्याच्या मध्यभागी तोवर व्रण पडला होता. डॉक्टर म्हणाले, "लवकर आला असता तर इंजेक्शनने बरेच वाचवता आले असते." दादांनी आम्हांला कधी दोष दिला नाही. पण ते समोर आले की डोके जरा वळवून, डोळ्याच्या कडेने आमच्याकडे पाहतात, कारण मधून पाहिले तर त्या डोळ्याला चेहरा दिसत नाही. आम्ही ते रोज पाहतो.

आमची चूक कोणती? सरळ रेषा वाकडी दिसणे हीच धोक्याची घंटा होती. ती दादांनी स्वतः वाजविली होती. आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष करून कागदाकडे पाहत बसलो.

आता उपाय आहेत की नाहीत, हेही सांगितले पाहिजे, कारण 'म्हातारपणी असेच व्हायचे' म्हणून हात टेकणारे पुष्कळ आहेत. ओल्या प्रकारावर डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने उपलब्ध आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांनी वर्षभर आपली दृष्टी बऱ्याच अंशी टिकविली. इंजेक्शन न मिळालेल्यांत हेच प्रमाण ६२ टक्के होते. मूळ कर्करोगासाठी काढलेले त्याच जातीचे एक स्वस्त औषधही डॉक्टर वापरतात आणि २०११ च्या तुलनात्मक अभ्यासात तेही गुणाला उतरले. डोळ्यात सुई म्हटले की अंगावर काटा येतो, पण डोळा आधी थेंबांनी बधिर करतात. वेळेवर पोहोचणे हाच यातला कळीचा मुद्दा आहे.

कोरड्या प्रकारात मधल्या टप्प्यावर असलेल्या रुग्णांना विशिष्ट जीवनसत्त्वे आणि जस्त यांच्या गोळ्यांनी पुढील बिघाडाचा धोका सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो, असे अमेरिकेतील २००१ च्या मोठ्या प्रयोगात दिसले. २०१३ मध्ये त्या गोळीतील बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन घालण्यात आले, कारण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत बीटा कॅरोटीनने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणून खाऊ नयेत. निरोगी डोळ्यांना त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. कॉम्प्लिमेंटला आवर घालणारी दोन इंजेक्शने २०२३ साली अमेरिकेत मंजूर झाली. ती कोरड्या झिजेच्या शेवटच्या अवस्थेचा वेग थोडा कमी करतात, पण गेलेली दृष्टी परत आणत नाहीत. आणि मोतीबिंदूवर गोळी नाही, थेंब नाही, शस्त्रक्रिया आहे, आणि ती चांगली होते.

मग दाहाविषयीच्या या साऱ्या ज्ञानाचा आपल्याला काहीच उपयोग नाही काय? आहे. रक्तातील दाह वाढविणाऱ्या ज्या गोष्टी आहेत, त्यांतल्याच पुष्कळशा डोळ्यांनाही मारतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत पडद्याची झीज दुपटीपासून चौपटीपर्यंत अधिक आढळते, आणि मोतीबिंदूही लवकर होतो. हे जाणण्यासाठी तपासणीचे पैसे लागत नाहीत, खिशातले बंडल टाकावे लागते. रक्तातील साखर ही दुसरी गोष्ट. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. परमपूज्य बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि मंदावत गेलेल्या दृष्टीने किती त्रास दिला, हे त्यांच्या चरित्राचे वाचन करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्यांनी आयुष्यभर ग्रंथांची सोबत केली, त्यांना वाचनासाठी डोळ्यांशी झगडावे लागले. त्या काळी पडद्यावर आजच्यासारखे उपचार नव्हते. आज आहेत, आणि तरीही आपण साखर तपासून घेत नाही.

चुलीचा धूर ही तिसरी गोष्ट. दिल्लीची एम्स आणि पाँडिचेरीचे अरविंद नेत्र रुग्णालय यांच्या सहभागाने उत्तर व दक्षिण भारतात साठीपुढील लोकांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या स्त्रियांत मोतीबिंदू अधिक असल्याचे दिसले. त्याच अभ्यासात रक्तातील क जीवनसत्त्वही मोजले होते. उत्तरेत सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेत सुमारे ४६ टक्के वृद्धांत त्याची कमतरता होती, आणि ज्यांच्या रक्तात ते अधिक होते त्यांच्यात मोतीबिंदू कमी होता. यावरून क जीवनसत्त्वाने मोतीबिंदू टळतो असे सिद्ध होत नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पण पेरू, आवळा, लिंबू, शेवग्याचा पाला, माठ ही आपल्या परसातली वस्तू आहे. ती ताटात येण्यासाठी प्रयोगशाळेच्या कागदाची वाट पाहावयाची गरज नाही. आपल्या किनाऱ्यावरचा बांगडाही चांगलाच. मात्र माशाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूलनी पडद्याची झीज थांबली नाही, असे २०१३ च्या त्याच प्रयोगात दिसले.

उन्हाचेही सांगतो. अमेरिकेत चेसापीक नावाच्या उपसागरावर मासे व खेकडे पकडणाऱ्या ८३८ कामकऱ्यांची तपासणी करून १९८८ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्या डोळ्यांवर आयुष्यात अधिक ऊन पडले, त्यांच्यात एका प्रकारचा मोतीबिंदू अधिक आढळला. आपले होडीवरचे बांधव, वाळवणावर बसणाऱ्या भगिनी, मिठागरात राबणारे हात, यांची गोष्ट याहून वेगळी कशी असेल? रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, एवढ्यानेही पुष्कळ ऊन अडते.

आता आमची संस्थेला विनंती. ती तीन कलमांत सांगतो.

पहिली, पॅकेजसाठी काढून ठेवलेली रक्कम डोळ्यांच्या तपासणीसाठी वापरावी. तपासणी म्हणजे केवळ चष्म्याचा नंबर नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहणारी, डोळ्यातील दाब मोजणारी तपासणी हवी. तिच्या जोडीला रक्तातील साखर आणि रक्तदाब. एवढे पुरे आहे. सीआरपी ज्याच्या डॉक्टरांना आवश्यक वाटेल, त्याने ती जरूर करावी. तिचे स्थान डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे, पत्रकात नाही.

दुसरी, निधीतील काही भाग वाहनभाड्यासाठी आणि सोबत्यासाठी राखून ठेवावा. मुरूडहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय जवळपास ५० किलोमीटर, श्रीवर्धनकरांना तर त्याहून पुष्कळ लांब. दिघी-आगरदांडा फेरी, मग एसटी, आणि पडद्याच्या इलाजासाठी पुन्हा पनवेल किंवा मुंबई. थेंब घातल्यावर चार-पाच तास नीट दिसत नाही, म्हणून एकट्या म्हाताऱ्या माणसाला जाता येत नाही. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते, राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. तरीही माणसे घरी बसून आंधळी होतात. आमच्या अनुभवात त्यांना अडविते ते बहुधा शस्त्रक्रियेचे शुल्क नव्हे, तर रस्ता, मजुरीचा बुडालेला दिवस आणि 'माझ्यासाठी कोण रजा काढणार' हा संकोच.

तिसरी विनंती विद्यार्थ्यांना. तुमच्या दप्तरात गणिताची चौकटीची वही आहे. तिचे एक पान घ्या आणि मधोमध पेनाने ठळक ठिपका काढा. घरातील पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला वाचण्याचा चष्मा लावून, हातभर अंतरावर ते पान धरावयास सांगा. एक डोळा तळहाताने झाकायचा, दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहायचे. मग डोळा बदलायचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा बिघडलेल्याची उणीव झाकतो, म्हणून एकेकच. रेषा वाकड्या, तुटक दिसतात का? एखादी चौकट पुसट किंवा काळी दिसते का? दिसत असेल तर रक्ताच्या कागदाची, सणाची, पाऊस उघडण्याची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ही युक्ती आमची नाही. स्वित्झर्लंडमधील ॲम्सलर नावाच्या नेत्रतज्ज्ञांची ही रेषांची जाळी जगभर वापरली जाते. चौकटीच्या वहीने तिचे काम बरेचसे भागते. मात्र हे पान डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. पानावर सारे ठीक दिसले तरी वर्षातून एकदा डोळे दाखवावेतच.

दादांच्या घरी असे एक पान भिंतीवर चिकटविले आहे. त्यांची नात रोज शाळेत जाण्यापूर्वी त्यांना त्यापुढे उभे करते. मागच्या वर्षी एका सकाळी त्यांनी उजव्या डोळ्याने पाहून सांगितले की, ठिपक्याशेजारची रेषा वाकली आहे. नातीने तो शब्द आमच्यापर्यंत आणला. या वेळी आम्ही रक्त काढले नाही. तिसऱ्या दिवशी दादा पनवेलला होते आणि त्यांना पहिले इंजेक्शन मिळाले. पुढे आणखी घ्यावी लागली, अजूनही मधून मधून घ्यावी लागतात. पण उजव्या डोळ्याने ते आज वर्तमानपत्र वाचतात, आणि आज ते या सभेतही बसले आहेत.

सभासद बंधू-भगिनींनो, निधीचा निर्णय आपण करावयाचा आहे. आम्ही आमचे म्हणणे आणि आमची चूक, दोन्ही आपल्यापुढे ठेवली आहेत. 

जय भीम.